लोणी गायब झालं तो डिसेंबर

मालवणच्या बाजारात आमची बेकरी आहे. भट्टी आजोबांनी बांधली, अब्बांनी ती आयुष्यभर चालवली आणि अब्बांचे हात थरथरायला लागल्यापासून ती मी चालवते. नवरा मस्कतला. त्यामुळे पाव, खारी, टोस्ट, गिऱ्हाईक, सगळं माझ्या अंगावर. त्याचा मला त्रास होत नाही. मी मुळातच एका जागी टिकणारी बाई नाही. मालवणीत मुलीला चेडू म्हणतात. लहानपणी अम्मी वैतागून म्हणायची, "ह्या चेडवाच्या पायांक कोणीतरी खुटो बांधा रे!"

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबरची. त्या डिसेंबरात बाजारातून लोणी गायब झालं.

सुरुवात दिवाळीनंतर झाली. आमच्याकडे लोण्याचे खोके घेऊन येणारा टेम्पो एका आठवड्यात आला नाही, मग दुसऱ्याही आठवड्यात आला नाही. मी वितरकाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, वरूनच माल नाय. इलो की पयलो तुमका." असं तो पुढच्या फोनवरही म्हणाला, त्याच्या पुढच्या फोनवरही. मग त्याने माझे फोन उचलणं बंद केलं. मी दुकानं पालथी घालायला लागले. भाजी आणायला म्हणून निघायचे आणि वाटेतल्या प्रत्येक दुकानाच्या फ्रीजमध्ये डोकावून यायचे. दही होतं, चीज होतं, आइस्क्रीम होतं. जिथे लोण्याच्या वड्या रचलेल्या असायच्या तो कप्पा रिकामा. एका दुकानदाराने तिथे अंडी ठेवली होती.

कारणं ज्याची त्याची वेगळी. कोणी म्हणे, लॉकडाऊनमध्ये हॉटेलं बंद होती, तेव्हा दुधाला भाव नव्हता, शेतकऱ्यांनी गुरं कमी केली. कोणी म्हणे, लम्पी रोगाने गाई आटल्या. कोणी म्हणे, आता हॉटेलं आणि लग्नं एकदमच सुरू झाली, सगळं लोणी तिकडे गेलं, उरलेलं तूप बनून परदेशात गेलं. सगळंच थोडंथोडं खरं असावं. माझ्या हातात मात्र काहीच नव्हतं आणि नाताळ तोंडावर आला होता.

आता बेकरीवाल्यांच्या भाषेतला एक घोटाळा सांगायला हवा. आमच्या बरणीत 'बटर' नावाची एक वस्तू कायम असते. गोल, कडक, चहात बुडवून खायची. त्या बटरमध्ये बटर नसतं. मुंबईहून आलेले पर्यटक हसतात, फोटो काढतात. अब्बा त्यांना गंभीरपणे सांगायचे, "तेचा नाव तसा आसा. आमी फसवत नाय."

फसवणं हा अब्बांचा दुखरा भाग होता. त्याचं मूळ तुपात आहे.

आमच्या किनाऱ्यावर दूधदुभतं कधीच मुबलक नव्हतं. आमची गुरं लहान चणीची, डोंगरात चरून येणारी, देतील ते दूध चहापुरतं. आमच्या जेवणातला स्निग्धपणा नारळातून येतो. तूप लागायचं ते सणाला, बाळंतिणीला आणि बेकरीला. माझ्या लहानपणी ते घाट उतरून यायचं, पत्र्याच्या डब्यांतून. डबा फोडला की बेकरीच्या मागच्या गल्लीपर्यंत वास जायचा. त्या तुपाची नानकटाई आजोबांनी सुरू केली होती. ईदला, लग्नाला, बोटीवर जाणाऱ्याच्या पेटीत आमची नानकटाई असायचीच.

मग तूप येईनासं झालं. म्हणजे यायचं, पण कमी यायचं, उशिरा यायचं, आणि डब्यात वर तूप खाली भलतंच असायचं. घाटावरचं दूध डेअऱ्यांकडे आणि तिथून शहरांकडे वळलं होतं. घरोघरी लोणी काढून तूप कढवणाऱ्या बायका आता सरळ दूधच घालत होत्या. त्याच सुमारास वनस्पती तुपाचे डबे दुकानादुकानात दिसायला लागले होते. पांढरं, रवाळ, कधीही मिळणारं.

अब्बा आणि चाचा, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, तेव्हा बेकरी मिळून चालवायचे. एका रमजानमध्ये चाचांनी अब्बांना न सांगता वनस्पतीची नानकटाई भाजली आणि तुपाची म्हणून विकली. गिऱ्हाइकांपैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. अब्बांना मागच्या अंगणात वनस्पतीचा रिकामा डबा सापडला. मी तेव्हा शाळेत जाणारी मुलगी होते, पण त्या दुपारचा अब्बांचा आवाज मला आठवतो. त्यांनी भाजलेले सगळे ट्रे अंगणात उपडे केले. कोंबड्या धावत आल्या.

चाचा म्हणाले, "लोकांक फरक कळना नाय. तुका कित्याक येवडो त्रास?"

अब्बा म्हणाले, "लोकांक कळना नाय म्हणानच."

त्यानंतर दोघे काही महिने एका छपराखाली मुके राहिले. कोकण रेल्वे आली, कणकवली वाढायला लागली, तेव्हा चाचांनी तिथे स्वतःची बेकरी टाकली. जाताना त्यांनी अम्मीला सलाम केला, मला जवळ घेतलं, अब्बांकडे बघितलंही नाही. पुढे अम्मीच्या मयतीला ते आले होते. गर्दीत उभे राहिले, दफन झाल्यावर निघून गेले.

गंमत अशी की चाचा गेल्यावर काही वर्षांनी अब्बांनाही तूप सोडावं लागलं. परवडेना आणि मिळेनाही. त्यांनी वनस्पतीचा डबा आणला, पण त्याआधी रंगाऱ्याकडून पाटी लिहून घेतली : 'आमची नानकटाई वनस्पती तुपाची आहे.' गल्ल्याच्या बरोबर वर टांगली. विक्री पडली. अब्बांनी पाटी काढली नाही. मग हळूहळू सगळीकडेच वनस्पती आलं, केकात मार्जरीन आलं, आणि त्या पाटीचं कोणाला काही वाटेनासं झालं.

बेकरी माझ्याकडे आली तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं असेल तर केकातलं मार्जरीन बंद केलं. तोवर लोण्याचे गोठवलेले ठोकळे खोक्यांतून सहज मिळायला लागले होते. मालवणात पर्यटकही वाढले होते, त्यांना चार पैसे जास्त द्यायला हरकत नव्हती. मी नवी पाटी लावली : 'लोण्याचा केक.' अब्बांनी ती वाचली. दुसऱ्या दिवशी पाटीची एक बाजू जरा खाली होती ती सरळ करून ठेवलेली दिसली.

म्हणून त्या डिसेंबरात मी अशी सैरभैर झाले होते.

त्यात टीचरची ऑर्डर. टीचर म्हणजे आमच्या वाडीपलीकडच्या ख्रिस्ती घरातल्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी मला प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. नाताळचा केक त्या दर वर्षी आमच्याकडूनच न्यायच्या, मनुका मात्र स्वतः भिजवून आणायच्या. आमच्या भट्टीत दारू चालत नाही हे त्यांना ठाऊक, म्हणून संत्र्याच्या रसात. त्या वर्षी त्यांनी एका केकाऐवजी टोपलीभर छोटे केक सांगितले. त्यांचे यजमान लॉकडाऊनमध्ये आजारी पडून गेले. त्या दिवसांत कोणी डबे पोचवले, कोणी औषधं आणली, कोणी दवाखान्यापर्यंत गाडी काढली. अशा प्रत्येक घरी त्यांना केक द्यायचा होता.

"रडून आभार मानायचे होते ते मानून झाले," त्या म्हणाल्या. "आता गोड काहीतरी द्यावं म्हणते."

मी हो म्हणून बसले होते. तेव्हा लोणी मिळत होतं.

मधल्या काळात एक विक्रेता दुकानात आला. त्याच्याकडे पिवळी वडी होती, वेष्टनावर गायीचं चित्र, आणि बारीक अक्षरात जे लिहिलं होतं त्यात लोणी हा शब्द कुठेच नव्हता. तो म्हणाला, सगळे हेच घेतायत. मी एक वडी ठेवून घेतली, एक केक करून पाहिला. फुगला छान, रंगही आला. पण खाल्ल्यावर टाळूला मेणासारखं काही चिकटून राहिलं, चहा प्यायले तरी जाईना. मी तो केक कापून कारागिरांना दिला. त्यांनी खाल्ला. दुसरा तुकडा मात्र कोणी उचलला नाही.

मग मी स्कूटर काढली.

आधी कुडाळचे घाऊक दुकानदार. नाही. मग कोणीतरी सांगितलं, पिंगुळीला एका बाईकडे म्हशी आहेत, घरचं लोणी मिळेल. रस्त्यात दोनदा चुकून मी तिच्या गोठ्यापाशी पोचले. बाई माझ्याच वयाची, शेण उचलत होती. मी काय हवं ते सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून हसली.

"लोणी? सगळा दूध डेअरीक जाता गो. सकाळचा सकाळी, सांजचा सांजेक. जेवडो फॅट तेवडो भाव. साय काडलंय तर भाव पडता."

"मगे घरात तूप?"

"पिशवीतला. दुकानातसून आणतंव." तिलाच त्याचं हसू येत होतं. "माझी सासू असती तर माका गोठ्यातसून भायर काडली असती."

बोलता बोलता माझं लक्ष तिच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे गेलं. आत पाण्याने भरलेल्या पातेल्यात लोण्याचा गोळा तरंगत होता, नारळाएवढा. तिने माझी नजर पाहिली आणि पटकन म्हणाली, "ता नाय हां. चेडू बाळंत झाला हा माझा. तिच्यासाठी डेअरीची नजर चुकवन काडलंय. रागाव नको."

मी कशाला रागावू? पण परतताना माझ्या डोळ्यांपुढून तो गोळा हलेना. इतक्या गावांतून मी गेले, वाटेत इतकी गुरं दिसली, आणि अख्ख्या फेरीत लोणी बघायला मिळालं ते एवढंच, आणि तेही एका बाळंतिणीचं.

हायवेवर आले तेव्हा एका बाजूला मालवण आणि दुसऱ्या बाजूला कणकवली. मी थांबले. हायवेवरच्या हॉटेलांना चाचांच्या बेकरीतून माल जातो आणि त्यासाठी त्यांनी शीतखोली बांधली आहे, हे मी ऐकून होते. कोणाकडे लोणी असेल तर त्यांच्याकडे. हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, आणि पहिल्या दिवसापासून मी इतर सगळीकडे फिरत होते. अब्बांना फोन करून विचारावं असं मनात आलं. विचारलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं, आणि मग मला जाता आलं नसतं. मी स्कूटर कणकवलीकडे वळवली.

चाचांची बेकरी डेपोच्या जवळ, काचेच्या दारांची. चाचा गल्ल्याशेजारी खुर्चीत बसले होते. केस पूर्ण पांढरे, नाक अगदी अब्बांचं. त्यांनी मला गिऱ्हाईक समजून विचारलं, "काय होया?"

"लोणी," मी म्हणाले. मग ओढणी सावरून सलाम केला. "मी मालवणची. तुमच्या भावाचा चेडू."

ते उठायला गेले, उठले नाहीत.

"बापूस कसो आसा?"

"बरो आसा. हात थरथरतत."

"तेनी पाठवल्यान तुका?"

"नाय. तेंका म्हायत पण नाय."

त्यांनी मला समोर बसवलं, चहा मागवला. मी सगळं सांगितलं, टीचरची ऑर्डर, टेम्पो, पिवळी वडी. ते ऐकत होते की माझा चेहरा बघत होते ते कळेना.

"मार्जरीन घाल," ते शेवटी म्हणाले. "इतकी वर्सां खाल्ल्यानी लोकांनी. मेलो कोण?"

"बोर्डार लोण्याचो केक म्हणान लिवलेला आसा."

चाचा मोठ्याने हसले, इतके की गल्ल्यावरचा त्यांचा मुलगा वळून बघायला लागला. "बोर्ड! तुमच्या घराक बोर्डाचा खूळच आसा!"

मला हसू आलं नाही. मी चहाचा कप खाली ठेवला आणि उठले. वाटलं, आले हेच चुकलं. ते एकदम गंभीर झाले. "बस गो, बस. तुजो बापूस पण असोच उठान जाय." मग मुलाला हाक मारून म्हणाले, शीतखोलीतले किती खोके आज सोडता येतील ते बघ. मुलगा कुरकुरला, हॉटेलांना शब्द दिला होता, त्यांनाच पुरत नव्हतं. चाचा म्हणाले, "हॉटेलवाले माझे कोण लागतत?"

मी पैशांची भाषा काढली, ती त्यांनी ऐकलीच नाही. उलट म्हणाले, "स्कूटरीवरसून कशी नेतलस? वितळतला. उद्या मी गाडी घेवन येतंय."

"तुमी?"

"कित्याक? येवचा नाय काय मी?"

घरी जाऊन मी अब्बांना सांगितलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटलं, मागचं पान पुन्हा पुढे आणलं. "येवंदे," एवढंच म्हणाले. मला त्या रात्री झोप लागली नाही. अब्बांना लागली असावी, त्यांच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता. त्याचाही मला राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आधी चाचांची गाडी गल्लीत शिरली. अब्बा पावाच्या मांडणीशेजारी त्यांच्या नेहमीच्या स्टुलावर होते. मी आतबाहेर करत होते, उगाचच फडकं घेऊन काच पुसत होते. चाचा उतरले, बेकरीच्या उंबऱ्यावर थांबले आणि भावाकडे न बघता सरळ आतल्या भट्टीकडे बघून म्हणाले, "भट्टी बदललस नाय तुया?"

"कित्याक बदलू?" अब्बा म्हणाले. "भाजता मा?"

"धुराडा वाकडा झाला हा."

"ता तू होतस तेवाच वाकडा होता."

झाली भेट. एवढ्या वर्षांनी भेटलेल्या दोन भावांनी आधी धुराड्याचा निकाल लावला. खोके आत नेईपर्यंत दोघांचं लाकडांवरून सुरू झालं होतं. चाचांना वाटत होतं भट्टी जास्त तापली आहे, अब्बांना वाटत होतं कमी. चाचांनी हात धुतले, बाह्या वर केल्या आणि कोणी न सांगता मोठ्या परातीत लोणी फेटायला घेतलं. अब्बाही उठून त्यांच्याशेजारी उभे राहिले. त्यांनी साखर ओतायला भांडं उचललं आणि हात इतका थरथरला की साखर परातीबाहेर सांडली. चाचांनी ते पाहिलं. भांडं काढून घेतलं नाही. नुसती परात थोडी पुढे सरकवली, भांड्याखाली आणली.

मी बाहेर जाऊन रस्त्यावर उभी राहिले. कोणाची वाट बघत नव्हते. आत थांबवत नव्हतं.

परत आले तेव्हा पहिले साचे भट्टीत गेले होते आणि दोघे मूळ विषयावर आले होते.

"त्या डब्याची गोष्ट अजून पोटात आसा तुज्या," चाचा म्हणत होते.

"डबो नाय. माका विचारलस नाय, ता आसा."

"विचारलंय असतंय तर तू नाय म्हटलं असतस."

"म्हटलंच असतंय."

"आणि मगे तूच हाडलस वनस्पती."

"बोर्ड लावन हाडलंय."

"बोर्ड लावन!" चाचांचा आवाज चढला. "आणि धंदो बसलो तो? वैनी माझ्याकडे निरोप धाडी, चेडवाच्या फीचा कसा काय करूचा म्हणान. ता तुका म्हायत आसा?"

अब्बांना ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्या दिवसांत अम्मीकडे कुठून कुठून पैसे यायचे, ती म्हणायची, भिशी लागली. अब्बा चाचांकडे बघत राहिले. त्यांना काहीतरी विचारायचं होतं, ओठ हललेही. तेवढ्यात मला जळका वास आला.

मी भट्टीचं दार उघडलं. पहिली सगळी फेरी वरून काळी पडली होती. भट्टी जास्तच तापली होती. चाचांचं म्हणणं खरं होतं, पण चाचाही बोलण्याच्या भरात बघायला विसरले होते. तीन पिढ्यांच्या बेकरीत दोन उस्ताद उभे, आणि केक जळाले. जिल्हाभर फिरून मिळालेलं लोणी. मी साचे ओट्यावर आपटले. भट्टीपाशीच खाली बसले.

दोघेही वर्गात पकडलेल्या पोरांसारखे उभे राहिले. मग चाचांनी सुरी घेतली, एका केकाचा काळा भाग तासून काढला, आतला पिवळा तुकडा अब्बांपुढे धरला. अब्बांनी खाल्ला.

"आतसून बरो आसा," ते म्हणाले.

"लाकडां तू घातलस," चाचा म्हणाले.

"घातलंय," अब्बा म्हणाले.

मी त्यांना असं कबूल करताना आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. चाचांनीही बहुधा. कारण त्यांनी लगेच खिशातून फोन काढला आणि मुलाला सांगितलं, उरलेले खोकेही पाठव, हॉटेलांना काय सांगायचं ते मी सांगतो.

दुसरं लोणी संध्याकाळच्या आत आलं. मधल्या वेळात आम्ही तिघांनी घरात बसून भात आणि बांगड्याची आमटी खाल्ली. चाचांनी अम्मीच्या हातची आमटी कशी असायची ते सांगितलं, अब्बांनी दुरुस्त्या केल्या. फीच्या पैशांचा विषय पुन्हा निघाला नाही. फक्त चाचा हात धुवायला उठले तेव्हा अब्बांनी स्वतः तांब्या उचलला आणि त्यांच्या हातांवर पाणी ओतलं. थरथरत्या हाताने, अर्धं जमिनीवर.

पुढची फेरी मी एकटीने भाजली. दोघांना बाहेर बाकावर बसवलं आणि आत यायचं नाही असं बजावलं.

टीचर नाताळच्या आदल्या दिवशी टोपली घेऊन आल्या. केक बघून त्यांचे डोळे भरले. मी लोण्यासाठी किती फिरले ते त्यांना सांगितलं. खरं तर मला ते कोणाला तरी सांगायचंच होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "अगं वेडे, तेलात केले असतेस तरी मला चाललं असतं."

मला आधी रागच आला. नंतर इतकं हसू आलं की बाहेर बाकावर बसलेले अब्बा आत डोकावले. टीचर टोपली सावरत निघून गेल्या. त्या दिवशी त्या घराघरांतून चालत फिरल्या असं नंतर ऐकलं, रिक्षा केली नाही.

चाचा मग येत राहिले. दर आठवड्याला लोणी घेऊन, जुम्म्याची नमाज मालवणातच पढून. उन्हाळ्याच्या सुरुवातीला टेम्पो पुन्हा वेळेवर यायला लागला. दुकानांतल्या फ्रीजमध्ये वड्या पुन्हा रचल्या गेल्या, भाव चढलेलाच राहिला. लोक विसरले. वितरकाने मला आपण होऊन फोन केला, "ताई, आता होया तेवडा माल." मला आनंद व्हायला हवा होता. मी फोन ठेवला आणि दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही. आता चाचा कशाच्या निमित्ताने येतील?

मी वितरकाकडून फक्त टोस्ट-खारीचं सामान घेत राहिले. लोणी चाचांकडूनच. त्यांना महाग पडत होतं, मलाही. हे त्यांनाही कळत होतं आणि अब्बांनाही, पण तिघांपैकी कोणीच ते बोललं नाही. ते आले की बाकावर दोघे भांडत बसायचे. एकदा वनस्पतीवरून, एकदा हजला कधी जायचं त्यावरून, एकदा नुसत्याच चहाच्या साखरेवरून.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता चाचा गेले. झोपेतच. अब्बांना मी गाडीने कणकवलीला नेलं. त्यांनी भावाच्या तोंडावरची चादर बाजूला केली, ठीक केली, पुन्हा बाजूला केली. परतीच्या वाटेवर, कसालच्या पुढे आल्यावर ते म्हणाले, "फीचे पैसे मी विचारूक होये होते. कितके, कधी. ऱ्हवला."

मी गाडी बाजूला घेतली. त्यांना रडायचं असेल असं वाटलं. ते रडले नाहीत. म्हणाले, "चल, पाव काडूचो वेळ झालो."

आता लोणी चाचांचा मुलगा पाठवतो. मागच्या महिन्यात तो फोनवर म्हणाला, थेट वितरकाकडून घ्या ना, तुम्हाला स्वस्त पडेल. मी बघते म्हणाले. अजून बघितलेलं नाही. हल्ली काचेच्या बरण्यांतून गावठी तूप विकणारे पुष्कळ झालेत. हॉटेलांच्या गल्ल्यावर, इंटरनेटवर, लाकडी रवीचं चित्र लावून. पिंगुळीच्या त्या बाईच्या म्हशींचं दूध त्यात जातं की अजून डेअरीकडेच जातं, मला माहीत नाही. एकदा जाऊन बघून यावं असं रोज वाटतं.

अब्बा मात्र रोज सकाळी मला एकच विचारतात, "बाजारात लोणी आसा मा?"

"आसा," मी सांगते.

"बघून इलस?"

"काल बघलंय."

"आज बघ," ते म्हणतात. आणि मी खारीचा ट्रे ओट्यावर ठेवते, स्कूटरची किल्ली घेते आणि बघायला निघते.